त्रेसष्ट टक्के

आमच्या घरी सकाळ दोन भाषांत व्हायची. खाली घरमालकीण, जिला सगळे दाई म्हणत, तांदळाच्या पिठाचा चीला तव्यावर टाकायची, त्याचा चर्र आवाज आणि वास जिन्यानं वर यायचा. वर आई बाबांना विचारत असायची, की आज वरणात तिखट घालू की नको, कारण काल रात्रभर छातीत आग पडली असं तुम्हीच म्हणत होते. रायपूरच्या पुरानी बस्तीतल्या त्या अरुंद गल्लीत आम्ही वरच्या दोन खोल्यांत राहत होतो. समोरच्या देवळातली घंटा वाजली की दाई मोठ्यानं देवाचं नाव घ्यायची, आणि तेवढ्यात धाकटा भाऊ राजू अंघोळीच्या पाण्यासाठी ओरडायचा. तो ओरडायचा हिंदीत. आई त्याच्याशी मराठीत बोले, तो हिंदीत उत्तर देई, आणि दोघांनाही त्यात काही खटकत नसे. गच्चीवर आईचे सांडगे आणि दाईची बिजौरी एकाच जुन्या लुगड्यावर वाळत. दोघींमध्ये हद्द म्हणून एक लाटणं आडवं ठेवलेलं असे.

बाबा रेल्वेत सहायक स्टेशन मास्तर होते. वर्धेकडून आलेले, उभी नोकरी रायपूरच्या आसपासच्या लहान लहान स्टेशनांवर काढलेली. त्या वर्षी ते नुकतेच निवृत्त झाले होते, आणि घरात बसायची त्यांना सवय नव्हती. दुपारी गाडीची शिटी ऐकू आली की घड्याळाकडे पाहायचे आणि कोणती गाडी किती उशिरा आहे ते आम्हाला सांगायचे. कोणी विचारलेलं नसायचं. मग पायांत चपला सरकवून शहरात फिरायला निघायचे, कारण शहरात तेव्हा पाहण्यासारखं पुष्कळ होतं. रायपूर नव्या राज्याची राजधानी झालं होतं. कालपर्यंत ज्या बंगल्यात दवाखाना होता तिथं आज मंत्री बसत, शाळेच्या इमारतीत खातं उघडे, आणि शिडीवर चढलेला पेंटर पाटीवरचं जुन्या राज्याचं नाव पांढऱ्या रंगानं झाकून त्यावर नवं लिहीत असे. बाबा अशा पेंटरखाली अर्धा अर्धा तास उभे राहत आणि घरी येऊन सांगत, आज अमुक ऑफिस आपलं झालं.

मी बी.एस्सी. होऊन घरीच होते. गोल बाजारात भांड्यांच्या दुकानावरच्या माळ्यावर एक संगणकाचा क्लास चालायचा, तिथं मी वर्षभर सी भाषा शिकले. खाली दिवसभर स्टीलच्या डब्यांवर नावं कोरायचं यंत्र टर्र-टर्र करायचं आणि वर आम्ही सहा जण दोन संगणकांवर पाळीपाळीनं बसायचो. नागपूरच्या मावशीनं माझ्यासाठी एक स्थळ पाहून ठेवलं होतं. आईचं म्हणणं होतं की पोट्टी शिकली तेवढं पुरे. बाबांनी मात्र ‘थांब थोडं, नवं राज्य आहे, पोट्टीले काही तरी भेटन’ असं म्हणून दर खेपेला ते पत्र फळीवर ठेवून दिलं. आणि खरंच भेटलं. शिक्षकांच्या सेवेच्या नोंदी जुन्या राजधानीतून, भोपाळहून, सीडीवर येणार होत्या, त्या इथल्या संगणकांत भरून यादी तयार करायची होती. ते काम एका खाजगी कंपनीकडं होतं, तिला माणसं हवी होती. मला तीन महिन्यांसाठी घेतलं. काम बरं झालं तर पुढं ठेवू, असं सांगितलं.

कंपनीनं एका जुन्या बंगल्याचा दिवाणखाना घेतला होता. चपला बाहेर काढून आत जायचं, कारण आत एसी होता आणि धुळीनं मशीन बिघडते असा सगळ्यांचा समज होता. पांडे सर आमचे प्रमुख. पन्नाशीचे, शर्टाच्या खिशात दोन पेनं, स्वभावानं भला माणूस, पण सतत घाबरलेला. रोज सकाळी अकराला आणि दुपारी चारला शिक्षण खात्यातल्या साहेबांचा फोन यायचा आणि सर उभं राहून बोलायचे. ज्यानं मूळ प्रोग्राम लिहिला तो इंदूरला दुसऱ्या नोकरीवर निघून गेला होता. मागं राहिला होता तो प्रोग्राम, एक फ्लॉपी, आणि मी.

भोपाळहून आलेली ती फाईल म्हणजे एक लांबच लांब पट्टी होती असं समजा. प्रोग्राम तिच्या एका टोकापासून वाचायला लागायचा, तुकडा घ्यायचा, त्यातली नावं, शाळा, नेमणुकीची तारीख वेगळी काढायचा, आणि पुढचा तुकडा घ्यायचा. मागं वळून पाहायचा नाही. हे सगळं पाऊण तास चालायचं आणि तेवढा वेळ पडदा काळा असायचा. एक अक्षरही नाही. शेवटी ‘कार्य पूर्ण’ एवढे दोन शब्द उमटायचे. त्या पाऊण तासात पांडे सर दहा वेळा येऊन विचारायचे, “कितना हुआ?” आणि माझ्याकडं उत्तर नसायचं. दोनदा त्यांना वाटलं मशीन अडकली, म्हणून त्यांनी बटण दाबून बंद केली आणि पहिल्यापासून सगळं करावं लागलं. मला राग येई तो त्यांचा नाही, माझाच. समोर बसून आहे, पगार घेते आहे, आणि काम किती झालं हे सांगता येत नाही.

घरी जेवताना मी हे बोलले. राजू म्हणाला, “तो पूछने दो ना, बोल दो आधा हुआ.” तो भनपुरीला एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात होता आणि तिथं ट्रक कुठं पोचला हे विचारणाऱ्या प्रत्येकाला ‘बस पहुँच ही रहा है’ असंच सांगे. बाबांनी घास हातात धरूनच ऐकलं. त्यांना संगणक म्हणजे काय हे ठाऊक नव्हतं, पण काम चालू आहे आणि खबर नाही, हे त्यांना नीट कळलं.

“गाडी माह्या स्टेशनातून गेली का मी कंट्रोल ऑफिसले सांगत होतो,” ते म्हणाले. “डायवर कुठं सांगत बसते? त्याचं काम गाडी हाकणं. सांगणारा येगळा पाहिजे.”

मी दुसऱ्या दिवशी तेच केलं. वाचणाऱ्या प्रोग्रामला मी जवळजवळ हात लावला नाही. तो आणि फाईल यांच्यामध्ये मी दहा-पंधरा ओळींचा एक तुकडा बसवला. वाचणारा जे काही मागेल ते फाईलमधून आणून द्यायचं, आणि देताना किती अक्षरं दिली ते बेरजेत धरायचं, एवढंच त्याचं काम. फाईल एकूण किती मोठी आहे ते संगणक आधीच सांगतो. त्या आकड्यानं भागलं की टक्के निघाले. पहिल्यांदा एका लहान फाईलवर चालवलं तेव्हा पडद्यावर आकडे धावायला लागले आणि मी हसले, पण पाच मिनिटांचं काम पंधरा मिनिटांवर गेलं. दर नोंदीला मी पडद्यावर लिहायला लावलं होतं, त्यातच सगळा वेळ जात होता. संध्याकाळी बाबा म्हणाले, “खांबा-खांबाले खबर देशीन तं गाडी चालन कधी? स्टेशनाले दे.” मग एक टक्का पुरा झाला की एकदाच लिहायचं असं केलं आणि वेळ पुन्हा पाच मिनिटांवर आला. आज माझ्या हाताखालच्या मुलांना मी हे दोन्ही धडे शिकवते, आणि ते मी एका निवृत्त स्टेशन मास्तरकडून शिकले हे त्यांना खरं वाटत नाही.

पांडे सरांना ते आकडे फार आवडले. ते खुर्ची ओढून शेजारी बसायचे आणि साहेबांना फोनवर सांगायचे, सर, बाईस हुआ, सर, इकतीस हुआ. फक्त एक गोष्ट वाईट झाली. त्या लहान फाईलवर करून पाहताना माझा आकडा अठ्ठ्याण्णववरच थांबला होता. ओळीच्या शेवटी फाईलमध्ये दोन खुणा असतात आणि वाचणाऱ्याला त्या एकच म्हणून मिळतात, त्यामुळं माझी बेरीज कमी पडत होती. ते मी तासाभरात दुरुस्त केलं, पण सरांच्या मनात राहिलं की मंजूचा, म्हणजे माझा, आकडा पुरा होत नाही. म्हणून मोठी फाईल चालवली, आकडा त्रेसष्टवर आला, आणि खाली ‘कार्य पूर्ण’ उमटलं, तेव्हा सर हसून म्हणाले, “तेरा हिसाब फिर अटक गया.” मीही हसले. मला तसंच वाटलं. बावीस वर्षांची होते, स्वतःवर संशय घेणं मला सगळ्यात सोपं जायचं. मी पुन्हा चालवलं, पुन्हा त्रेसष्ट. दोन दिवस मी माझ्या पंधरा ओळींत चूक शोधत बसले. शेवटी सर म्हणाले की ते आकडे काढूनच टाक, साहेबांसमोर त्रेसष्ट दिसलं तर उगाच प्रश्न विचारतील. मी आकडे पडद्यावरून काढले. बेरीज मात्र आत चालू ठेवली.

त्याच आठवड्यात मंडावी दीदी नावाच्या एक शिक्षिका तिसऱ्यांदा आल्या. कोंडागावच्या पुढं कुठंतरी त्यांची शाळा होती. पहाटेची बस धरून दुपारी पोचत. ठेंगण्या, काळ्यासावळ्या, हातात कापडी पिशवी, आणि बसल्या की गुडघ्यांवर दोन्ही तळवे ठेवून ताठ बसायच्या. बावीस वर्षं त्या शिकवत होत्या, म्हणजे माझं जेवढं वय तेवढी त्यांची नोकरी. आमच्या कच्च्या यादीत त्यांचं नाव नव्हतं. अशी नावं नसलेली माणसं रोज दोन-चार यायची आणि सगळ्यांना आम्ही एकच सांगायचो की तुमची नोंद भोपाळहून आलेली नाही. यादी नावांच्या अक्षरक्रमानं छापून निघायची, त्यामुळं कोणता भाग गळाला आहे हे पाहणाऱ्याला दिसत नव्हतं. सोमवारी यादी सहीला जाणार होती. तिच्यात जो नाही त्याच्या नावापुढं ‘अभिलेख अप्राप्त’, म्हणजे नोंद मिळालेली नाही, असं लिहिलं जाणार होतं. त्यानंतर त्या माणसानं बावीस वर्षांचे कागद घेऊन दोन राजधान्यांमध्ये फिरत बसायचं.

मी त्यांना पाणी दिलं आणि तेच वाक्य पुन्हा म्हणाले. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, “बेटी, तुमने ख़ुद देखा है, कि किसी ने बोला है?”

मी पाहिलं नव्हतं. मला ‘कार्य पूर्ण’ या दोन शब्दांनी सांगितलं होतं.

जेवायच्या सुट्टीत सगळे बाहेर गेले तेव्हा मी डबा उघडला नाही. फाईल जशी आहे तशी उघडणारा एक लहानसा प्रोग्राम क्लासमध्ये शिकवला होता, त्यानं मी ती उघडली आणि शेवटाकडून वर सरकायला लागले. पडद्यावर नावंच नावं होती. नेताम, ठाकूर, कश्यप, पोयाम, साहू. यांतलं कुणीच आमच्या यादीत नव्हतं. पुष्कळ वर आल्यावर मंडावी, सुकमती, प्राथमिक शाळा, नेमणुकीची तारीख. या दीदीच होत्या. मग मी माझ्या बेरजेचा आकडा घेतला आणि फाईलमध्ये नेमकी त्या जागी गेले. तिथं दोन नोंदींच्या मध्ये एक विचित्र खूण होती. जुन्या संगणकांवर फाईल संपली की शेवटी अशी खूण टाकत. भोपाळला कुणीतरी अनेक लहान फाईली एकापुढं एक जोडून ही मोठी केली असणार, आणि जोडताना एकीच्या शेपटाशी असलेली ती खूण तशीच आत राहिली. आमचा प्रोग्राम तिथं पोचला की त्याला वाटायचं, संपलं. तो खोटं बोलत नव्हता. माझी बेरीजही बरोबर होती, पहिल्या दिवसापासून. आजही एखाद्या नव्या मुलाचा आकडा सगळ्यांच्या मताशी जुळत नाही आणि तो घाईघाईनं स्वतःचाच आकडा खोडायला जातो, तेव्हा मी त्याचा हात धरते.

पांडे सरांना मी एकटं गाठून सांगितलं. त्यांनी पडद्याकडं पाहिलं, मग खाली बसले.  साहेबांना त्यांनी चार दिवसांपूर्वीच काम पूर्ण झालं असं लेखी दिलं होतं. मला भीती वाटत होती की ते म्हणतील, गप्प बस.  तीन महिने संपायला बारा दिवस होते. मावशीचं पत्र फळीवर होतं. दीदी बाहेर बाकावर बसल्या होत्या, दारातून त्यांची पिशवी दिसत होती.

“कितने लोग होंगे?” सरांनी विचारलं.

“तीसरे हिस्से से ज़्यादा, सर.”

त्यांनी खिशातली दोन्ही पेनं काढून टेबलावर ठेवली, पुन्हा खिशात लावली, आणि उठले. “चलो. मैं बोलूँगा, तुम दिखाना.”

रिक्षात ते पूर्ण वेळ बाहेर बघत होते. साहेबांच्या खोलीत त्यांनी उभं राहून एका दमात सांगितलं की काम पूर्ण झालं असं मी लिहून दिलं ते चूक होतं, या मुलीला आठ दिवसांपूर्वीच दिसलं होतं, मीच तिचे आकडे काढायला लावले. यातला शेवटचा भाग त्यांनी सांगितला नसता तरी चाललं असतं. मी आजवर पुष्कळ वरिष्ठ पाहिले, पण इतका घाबरलेला आणि इतका धीट माणूस पुन्हा पाहिला नाही. साहेब रागावले, थोडं मोठ्यानं बोलले, मग त्यांनी माझ्याकडून ती खूण काय असते ते दोनदा समजून घेतलं आणि विचारलं, सोमवारपर्यंत होईल का. मी म्हणाले, होईल, फक्त आकडे पडद्यावर ठेवू द्या.

शनिवारी सकाळी प्रोग्राम पुन्हा लावला. त्यानं फाईल जशीच्या तशी वाचावी, खुणेला जुमानू नये, यासाठी एकच अक्षर बदलावं लागलं. ऑफिसातले सगळे खुर्च्या घेऊन आले. साठ झाले, एकसष्ट, बासष्ट. त्रेसष्ट आले तेव्हा पांडे सरांनी माझ्या खुर्चीची पाठ घट्ट धरली होती. पुढचा टक्का यायला नेहमीइतकाच वेळ लागला, पाऊण मिनिटाच्या जरा आत. मग चौसष्ट उमटलं. सर म्हणाले, “जा रहा है,” आणि चहा मागवायला स्वतः बाहेर गेले. शंभर झाले तेव्हा सव्वाबारा वाजले होते. घरी जाऊन मी सांगितलं तर आई म्हणाली, “एवढं समदं त्या खुणेपाई?” आणि पानात गरम भात वाढला.  बाबांनी फळीवरचं मावशीचं पत्र काढलं आणि आईसमोरच उत्तर लिहायला बसले, की पोट्टी सध्या कामात आहे.

मंडावी दीदी पुढच्या गुरुवारी आल्या. मी छापील यादी त्यांच्यासमोर ठेवली आणि पान उघडून दिलं. त्यांनी आपल्या नावाखाली बोट ठेवलं, ओठ हलवत एकदा वाचलं आणि म्हणाल्या, “हव, यही है.” मला वाटलं त्या रडतील किंवा मला आशीर्वाद देतील, आणि मी त्यासाठी तयार होऊन बसले होते. त्यांनी पिशवीतून शाळेच्या वहीचं एक कोरं पान आणि पेन काढलं. त्यांच्या भागातले आणखी एकोणीस शिक्षक होते, कुणालाच काही कळलेलं नव्हतं, आणि तिथं फोन नव्हते. त्या आठवून एकेक नाव सांगत, मी यादीत शोधून शाळेसकट वाचून दाखवी, त्या लिहून घेत. नावं अक्षरक्रमानं असल्यामुळं दर वेळी पानं मागं-पुढं करावी लागत. चारची बस निघून जाईल असं मी दोनदा म्हणाले. टिकरापाऱ्यात भाचीकडं राहीन, त्या म्हणाल्या.

सात-आठ नावं झाल्यावर माझ्या लक्षात आलं की त्या मी वाचते त्या क्रमानं लिहीत नाहीत. काही नावं वर, काही खाली, मध्ये जागा सोडलेली. मी विचारलं. त्यांनी सांगितलं की हा त्यांचा जायचा रस्ता आहे. नदीपलीकडं एक शाळा आहे, पाणी वाढलं की तिकडं जाता येत नाही, म्हणून तिथल्या गुरुजींना सगळ्यात आधी सांगायचं. मग सायकलनं जाता येईल त्या तीन शाळा. बाजाराच्या दिवशी जे स्वतःच भेटतात ते शेवटी. त्यांनी पान थोडं माझ्याकडं वळवलं, सर्वांत वरच्या मोकळ्या ओळीवर पेन टेकवलं आणि नदीपलीकडच्या त्या गुरुजींचं नाव सांगितलं. मी पानं उलटली. ते यादीत होते.